मनाची आणेवारी

बीड जिल्ह्यातल्या नांदूरघाट, केज, धारूर या बालाघाटच्या पट्ट्यात घरातल्या माणसाची दारू सोडवायची म्हटलं की चार वाटा सगळ्यांना ठाऊक असतात. पहिली शपथेची: लेकराच्या डोक्यावर हात ठेवून नाहीतर देवाचा भंडारा उचलून. दुसरी माळेची. तिसरी पुडीची, म्हणजे कुणीतरी दिलेलं ‘औषध’ चहात किंवा भाजीत कालवून नकळत द्यायची. आणि सगळे थकले की चौथी: चार जणांनी धरून, गाडीत घालून, कुठल्यातरी केंद्रात नेऊन टाकायची. पाचवी वाट समुपदेशनाची. ती सुचवली की घरचे हमखास म्हणतात, “बोलून काय होणार? आम्ही काय कमी बोललो?”

तक्रार खरी आहे. आई बोललेली असते, बायको बोललेली असते, सोयऱ्यांनी चारचौघांत कान उपटलेले असतात. पण या सगळ्या बोलण्यात पिणारा माणूस गप्पच असतो. मान खाली घालून ऐकतो आणि संध्याकाळी पुन्हा गुत्त्यावर जातो. समुपदेशनात बोलायचं त्यानं असतं. त्याला बोलतं कसं करायचं याचं गेल्या चाळीस वर्षांत एक रीतसर शास्त्र झालं आहे, ते शिकता येतं, आणि ते शिकायला मोठी डिग्री लागत नाही. हा शेवटचा मुद्दा शेजारच्या गोव्यात तपासून पाहिला गेला आहे. त्याकडे जाण्याआधी जुन्या वाटांचा हिशेब करायला हवा, कारण त्यांतली एक वाट समुपदेशनाच्या फार जवळची आहे.

ती म्हणजे माळ. पंढरीची माळ घातलेल्या माणसाला लग्नात, जत्रेत, निवडणुकीच्या जेवणावळीत कुणी “घे रे एक” असा आग्रह करत नाही. नकाराचं ओझं त्याच्या डोक्यावरून उतरतं. संध्याकाळची मोकळी वेळ हरिपाठाला जाते. सोबत बदलते, गुत्त्यावरच्या मंडळींऐवजी दिंडीतली माणसं भेटतात. नकाराचं कारण, रिकाम्या वेळेला काम आणि नवी सोबत, या तीन गोष्टी आधुनिक समुपदेशनातही पहिल्या पानावर आहेत. माळ ज्याला मानवते त्याच्याबाबतीत समुपदेशकानं तिच्या आड येऊ नये. अडचण एवढीच, की एकदा माळ काढून ठेवली की तो माणूस लाजेनं पुन्हा त्या वाटेला फिरकत नाही. शपथेचंही तेच. ती एकदा मोडली की सगळंच मोडलं असं समजून तो दुप्पट पितो.

पुडीची वाट मात्र थेट जिवावरची आहे. अशा चोरून दिलेल्या औषधांत डायसल्फिराम असू शकतं. 1940च्या दशकात डेन्मार्कमध्ये त्याचा हा गुण लक्षात आला: हे पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, हृदय कमकुवत असेल तर मृत्यूही येऊ शकतो. रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीनं, डॉक्टरच्या देखरेखीखाली दिलं तर ते उपयोगी औषध आहे. नकळत दिलं तर विषप्रयोग आहे. आणि गाडीत घालून नेण्याबद्दल एवढंच, की 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनातून आलेल्या मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला आहे. त्यामुळे कोंडणं, मारहाण करणं, उपाशी ठेवणं हा उपचार ठरत नाही. तो गुन्हा ठरू शकतो. केंद्र निवडताना नोंदणी आहे का, डॉक्टर येतात का आणि घरच्यांना भेटू देतात का, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.

आपल्याकडे मदत किती तोकडी पोचते याचा आकडा 2019 साली आला. दिल्लीच्या एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे 16 कोटी माणसं दारू पितात. त्यांतल्या 5.7 कोटी जणांचं पिणं हानिकारक किंवा व्यसनाच्या पातळीवर गेलेलं आहे. आणि व्यसनी झालेल्या दर 38 जणांमागे एकालाच कसलातरी उपचार मिळाल्याचं दिसलं. उरलेल्या सदतीस जणांच्या वाट्याला काय येतं? शपथ, पुडी नाहीतर शिव्या.

आता बोलण्याकडे. पण बोलण्याच्याही आधी शरीर येतं, आणि इथं घाई झाली तर माणूस दगावतो. सकाळी उठल्यावर ज्याचा चहाचा कप बशीवर खडखडतो, बशीतून पिताना चहा अंगावर सांडतो आणि एक चपटी पोटात गेल्यावरच हात स्थिर होतो, त्याच्या शरीराला दारूची सवय लागलेली असते. अशा माणसाला “आजपासून थेंब घ्यायचा नाही” म्हणून खोलीत कोंडलं, तर सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काही जणांना भास होतात: भिंतीवर किडे दिसतात, कुणीतरी मारायला आलंय असं वाटतं, ताप चढतो, माणूस ओळख विसरतो. गावात याला बाहेरची बाधा समजतात आणि देवऋषी गाठतात. खरं म्हणजे ही दवाखान्यातली तातडीची केस आहे. योग्य औषधं आणि बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली तर ही अवस्था निभावून नेता येते. म्हणून रोज पिणाऱ्या, सकाळी थरथरणाऱ्या माणसाला समुपदेशकानं आधी डॉक्टरकडे पाठवायचं. मेंदूवरचं धुकं उतरल्यावर बोलणं सुरू होतं.

या बोलण्याच्या पद्धतीची जन्मकथा मजेशीर आहे. विल्यम मिलर हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ 1982 साली नॉर्वेतल्या बर्गेनला गेले होते. तिथले तरुण समुपदेशक त्यांना रुग्णाचं सोंग आणून दाखवत, मिलर त्यांच्याशी बोलत, आणि ही मंडळी मध्येच थांबवून विचारत: आत्ता हाच प्रश्न का विचारलात? रुग्णाच्या या वाक्याला उत्तर दिलंत, त्या वाक्याला का नाही? उत्तरं देता देता मिलरना आपल्याच कामातली रीत सापडली. 1983 साली त्यांनी त्यावर लेख लिहिला, पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत 1991 साली पुस्तक आलं, आणि मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग ही पद्धत जगभर पोचली. त्यांचं निरीक्षण साधं आहे. पिणाऱ्याच्या मनात दोन पक्ष असतात, सोडावी वाटणारा आणि घ्यावी वाटणारा. आपण सोडण्याच्या बाजूनं तावातावानं बोललो की त्याच्याकडे दुसऱ्या पक्षाची वकिली उरते. मिलर आणि सहकाऱ्यांच्या 1993च्या अभ्यासात हे आकड्यांत दिसलं: समुपदेशक जितका अंगावर जाऊन बोलला, तितका रुग्ण वर्षभरानंतर जास्त पिताना आढळला.

या पद्धतीतलं एक साधन म्हणजे शून्य ते दहाची पट्टी. बीडच्या शेतकऱ्याला मात्र पट्टीपेक्षा आणेवारी चटकन कळते. पीक सोळा आण्यांपैकी किती, यावर त्याच्या घराचं वर्ष ठरत आलं आहे. हल्ली सरकारी कागदावर ती पैसेवारी झाली, इतकंच. तेव्हा पन्नाशीतल्या एखाद्या तात्यांशी बोलणं कसं जाईल याचा नमुना रचून पाहू.

“तात्या, दारू सोडायचं मनात किती आणे आहे?”

“सहा आणे धरा.”

इथं नवखा माणूस चुकतो. तो विचारतो, “सहाच का?” मग तात्या कारणं सांगतात: अंग दुखतं, झोप येत नाही, मित्र सोडत नाहीत. म्हणजे आपणच त्यांना न सोडण्याची बाजू मांडायला बसवलं. शिकलेला समुपदेशक उलटं विचारतो.

“सहा कसे काय? दोन का नाही म्हणालात?”

“आवं, पुढल्या साली पोरीचं लगीन हाय. मांडवात बाप लटपटत फिरला तर सोयरे काय म्हनतील?”

“पोरीच्या मांडवात तुम्हाला ताठ उभं राहायचंय.”

“तर काय! एकुलती एक हाय.”

“मग सहाचे आठ आणे व्हायला काय करावं लागंल?”

“सांजच्याला त्या बैठकीकं जायाचं बंद करावं लागंल. तिथं गेलं की व्हतंच.”

बारकाईनं पाहिलं तर समुपदेशकानं एकही उपदेश केलेला नाही. सोडण्याचं कारण तात्यांनी सांगितलं, पहिली पायरीही त्यांनीच सांगितली. स्वतःच्या तोंडून निघालेलं कारण माणूस सहसा विसरत नाही. पुढच्या भेटीत बोलणं तिथूनच सुरू होतं.

आता गोवा. ‘संगाथ’ ही संस्था 1996 पासून तिथे मानसिक आरोग्याचं काम करते. डॉ. अभिजित नाडकर्णी, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी दारूसाठी एक छोटी समुपदेशन पद्धत बसवली आणि 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत तिची कसोटी घेतली. समुपदेशक कोण? स्थानिक, किमान शाळेचं शिक्षण पुरं केलेले, मानसशास्त्राची कसलीही पदवी नसलेले लोक. त्यांना प्रशिक्षण दिलं. त्यांच्या भेटींचं ध्वनिमुद्रण करून ते एकमेकांनी ऐकायचं, गुण द्यायचे, चुका काढायच्या, अशी शिस्त ठेवली. एका रुग्णाला जास्तीत जास्त चार भेटी, प्रत्येक भेट अर्ध्या-पाऊण तासाची. रुग्ण निवडण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ ही चाचणी वापरली. ज्यांचं पिणं घातक झालंय पण शरीर पूर्ण गुलाम झालेलं नाही, असे 377 पुरुष त्यात होते.

निकाल ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्के लोक घातक पिण्यातून बाहेर पडले होते. फक्त नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण 26 टक्के होतं. मागच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले समुपदेशनाच्या गटात 42 टक्के, तर दुसऱ्या गटात 18 टक्के. वर्षानं पुन्हा पाहिलं तेव्हा हा फरक टिकून होता: घातक पिण्यातून सुटलेले 54 टक्के विरुद्ध 32 टक्के. जे पीत राहिले त्यांचं पिण्याचं प्रमाण मात्र तीन महिन्यांत फारसं घटलं नव्हतं, आणि बायकोला होणारी मारहाणही समुपदेशनानं कमी झाल्याचं दिसलं नव्हतं. हेही लक्षात ठेवायला हवं. मार खाणाऱ्या बाईला “त्याचं समुपदेशन चालू आहे, थोडं सोसा” असं सांगू नये. तिच्यासाठी 2005चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आणि 181 ही महिला हेल्पलाइन वेगळी आहे, आणि ती आधी आहे.

गोव्यातल्या त्या चार भेटींत काय होतं? आधी माणसाच्या पिण्याचा त्याच्यापुढे मांडलेला हिशेब. मग काही कसब: नाही कसं म्हणायचं, तलफ आली तर काय करायचं, राग आणि चिंता कशी हाताळायची, अडचणीचे तुकडे पाडून एकेक कशी सोडवायची. शेवटी, पाय घसरला तर काय करायचं याची तयारी.

हाच साचा नांदूरघाट परिसरात आणायचा तर तो ऊसतोडीच्या वर्षावर बेतावा लागेल. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी, म्हणजे कारखान्याच्या भाषेत ‘कोयते’, सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकाकडे निघतात. फडात पहाटेपासून तोड, मग डोक्यावर मोळी घेऊन शिडीनं गाडीवर चढायचं, रात्री-अपरात्री गाडी भरायची. कोपीवर परतलेल्या माणसाला दारू मजेसाठी लागत नाही. अंगदुखीवरचं आणि झोपेचं ते सगळ्यात हाताशी असलेलं औषध असतं. त्याला “दारू वाईट” हे सांगून उपयोग नाही. अंगदुखीला दुसरा उपाय काय, यावर बोलावं लागतं.

हिशेबही त्याच्याच भाषेत मांडावा. रोजची एक क्वार्टर धरली तर पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, किती पैसे होतात, हे कागदावर त्यालाच लिहायला लावायचं. पिऊन कामाला न गेलेल्या दिवसांचे खाडे त्याखाली मांडायचे. उचल फिटली की अंगावर राहिली, हे शेवटी. बेरीज त्यानंच करायची. समुपदेशकानं तोंडातून शब्द काढायचा नाही, फक्त पेन द्यायचा.

वर्षातल्या घसरणीच्या जागा आधीच ओळखता येतात. निघण्याआधी उचलीचे रोख पैसे हातात येतात तो आठवडा. टोळीतली पहिली थंडीची रात्र. गावी परतल्यावरचे रिकामे महिने, लग्नसराई, जत्रा-कंदुरी, पोळा, निवडणूक. प्रत्येक जागेसाठी एक ठरलेलं वाक्य आणि एक ठरलेली पळवाट तयार ठेवायची आणि ती मोठ्यानं म्हणून घोटायची. “डाक्टरनं गोळ्या चालू केल्यात, वरून घेतली तर खपंन” या वाक्यापुढे आग्रह करणारा सहसा माघार घेतो. तलफेबद्दलही एक गोष्ट समजावून सांगावी: ती चढते तशी उतरते, बहुधा अर्ध्या तासाच्या आत. तेवढा वेळ काढायचा. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा ही तिची चार दारं आहेत. म्हणून संध्याकाळी गुत्त्याच्या वेळेआधी पोटभर जेवणं हा क्षुल्लक वाटणारा उपाय खरोखर कामाचा आहे.

आणि तरीही पाय घसरतो. अॅलन मार्लाट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं यावर आयुष्यभर काम केलं. त्याचं म्हणणं, एका पेल्यानं होणारं नुकसान थोडं असतं. “आता काय राहिलं” या विचारानं होणारं नुकसान मोठं. शपथ मोडल्यावर जे होतं ते हेच. म्हणून चांगला समुपदेशक पहिल्याच भेटीत सांगून ठेवतो: घेतलीच कधी, तर दुसऱ्या दिवशी इथं यायचं. लपायचं नाही.

महाराष्ट्रात हे तत्त्व घराघरात पोचवलं ते पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रानं. अनिल अवचटांनी ब्राउन शुगर म्हणजे ‘गर्द’च्या विळख्यावर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी 1 लाख रुपये देऊ केले, आणि डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकारानं 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्र सुरू झालं. तिथे रुग्णाला ‘रुग्णमित्र’ म्हणतात, पत्नींसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट चालतो, आणि केंद्रातून बाहेर पडल्यावर फॉलोअपला यावं असा आग्रह असतो. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही 1935 साली अमेरिकेत सुरू झालेली, पिणं थांबवलेल्यांनीच चालवलेली चळवळही याच सोबतीवर उभी आहे. तिच्या सभा महाराष्ट्रात ठिकठिकाणी भरतात, फी नसते, आडनाव विचारत नाहीत.

घरच्यांनी काय करायचं? तो शुद्धीत नसताना वाद घालायचा नाही. तसलं भांडण सकाळी त्याच्या लक्षातही नसतं. त्याची उधारी परस्पर फेडायची नाही, मुकादमाला “ताप आलाय” म्हणून खोटं सांगायचं नाही. न घेतलेली संध्याकाळ मात्र ओळखून, बोलून दाखवायची: आज बरं वाटलं, पोरं तुमच्याजवळ बसली. हे भाबडं वाटेल. पण 1999 साली अमेरिकेत 130 कुटुंबांवर झालेल्या अभ्यासात घरच्यांना हीच रीत शिकवली, तेव्हा 64 टक्के घरांतला नकार देणारा माणूस उपचाराला आला. सगळ्यांनी मिळून घेरून सांगण्याच्या पद्धतीत हे प्रमाण 30 टक्के होतं.

दारू सोडून इतर नशांचं काय? तंबाखू-गुटख्याला बोलण्याची हीच पद्धत लागू पडते. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी पुडी मिळतेच. तंबाखू सोडण्यासाठी 1800-11-2356 ही मोफत सेवा आहे. ब्राउन शुगरसारख्या अफूजन्य नशेला मात्र समुपदेशनासोबत औषधांची दीर्घ साथ लागते. नुसत्या बोलण्यावर विसंबू नये.

नांदूरघाटच्या माणसाला जवळ काय आहे? गावातलं ग्रामीण रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, बीडचं जिल्हा रुग्णालय. फोनवर 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आणि 14416 ही टेली-मानस सेवा. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्यानं विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात बीड आहे. आशा ताई घरोघरी जाऊन मन खचलेली माणसं शोधतात. त्याच फेरीत ‘ऑडिट’चे दहा प्रश्न विचारणं अवघड नाही. गडचिरोलीत 2016 पासून चाललेल्या मुक्तिपथ मोहिमेनं दारू-तंबाखूविरोधी गावसंघटन आणि उपचार यांची सांगड घातली आहे, तो धडाही समोर आहे.

कमी आहे ते एकच: ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून काही ठरलेले दिवस बसणारा, या कामाचं शिक्षण घेतलेला आणि ज्याचं काम वरचेवर तपासलं जातं असा समुपदेशक. त्यानं पट्टा पडल्यावर परतलेल्यांच्या चार भेटी पावसाळ्याआधी उरकाव्यात, उचल वाटपाच्या आठवड्यात दार उघडं ठेवावं, आणि हंगामात फडावरच्या मोबाइलवर पंधरवड्याला एक फोन करावा. त्यासाठी मोठी पदवी लागत नाही हे गोव्यानं दाखवून दिलं. बारावी, बी.ए. झालेली, गावची बोली बोलणारी, नोकरीच्या शोधात असलेली मुलं-मुली केज तालुक्यात पुष्कळ आहेत. त्यांना शिकवून नेमायचं काम सरकारी पातळीवरचं आहे, आणि ते मागून घेण्याचं काम ग्रामसभेचं.